उघडी फाईल दुसऱ्याच्या हाती देताना

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मोबाइलमधील ॲप्स आणि त्यांना द्यावयाच्या परवानग्या यांविषयी नुकताच एक लेख प्रसिद्ध झाला. लेख कळकळीने लिहिलेला होता आणि आपल्या खासगी छायाचित्रांविषयी जागरूक राहण्याचा त्यातील सल्लाही रास्त होता. तरीही त्यातील एक विधान दुरुस्त व्हायला हवे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. एका प्रोग्रॅमकडची फाईल दुसऱ्याला द्यायची झाल्यास दोनच मार्ग असतात, एक तर तिची प्रत काढून दोघांना पोहोचता येईल अशा जागी ठेवायची, नाही तर दुसऱ्याला सगळ्या साठ्याचीच परवानगी देऊन टाकायची, असे लेखकाने म्हटले आहे. याखेरीज एक तिसरा मार्ग आहे. तो चाळीस वर्षांहून अधिक जुना आहे आणि लेखात ज्या फोनविषयी लिहिले आहे त्याच फोनमध्ये तो रोज वापरला जातो. हा मार्ग म्हणजे फाईल स्वतः उघडायची आणि ती उघडलेल्या स्थितीतच दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हवाली करायची. मी सांगलीत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकवते आणि त्यापूर्वी बरीच वर्षे सर्व्हर सांभाळण्याचे काम केले आहे, त्यामुळे या गोष्टीशी माझा संबंध दोन्ही बाजूंनी आला आहे.

फाईल डिस्क्रिप्टर म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. युनिक्स आणि तिच्या वळणावर घडलेल्या लिनक्स, फ्रीबीएसडी, मॅकओएस, अँड्रॉइड या प्रणालींत एखादा प्रोग्रॅम फाईल उघडून मागतो, तेव्हा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, त्या फायलीचा मार्ग एकेक डिरेक्टरी (फोल्डर) ओलांडत शोधते, मागणाऱ्याला तेवढा अधिकार आहे की नाही हे तपासते आणि असल्यास त्याला एक लहानसा पूर्णांक परत देते. तो पूर्णांक म्हणजे डिस्क्रिप्टर. ०, १ आणि २ हे आकडे अनुक्रमे येणारा मजकूर, जाणारा मजकूर आणि चुकांचे संदेश यांसाठी आधीपासून ठरलेले असतात, म्हणून प्रोग्रॅमने स्वतः उघडलेली पहिली फाईल बहुधा ३ या आकड्याने ओळखली जाते. बँकांत संगणक येण्यापूर्वी खिडकीवर चेक दिला की आकडा कोरलेला पितळी बिल्ला मिळत असे, तो आमच्या पिढीतल्या अनेकांना आठवत असेल. त्या बिल्ल्यावरच्या ५ या आकड्याला त्या शाखेबाहेर काहीही अर्थ नव्हता, कारण शेजारच्या शाखेतला ५ क्रमांकाचा बिल्ला भलत्याच माणसाच्या पैशांचा असे. डिस्क्रिप्टरचेही तसेच आहे. प्रत्येक प्रोसेसचा, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमचा, उघड्या फायलींचा तक्ता वेगळा आणि आकडा त्या तक्त्यापुरता.

त्या आकड्यामागे कर्नलमध्ये आणखी दोन पायऱ्या असतात. तक्त्यातला आकडा ‘उघड्या फायलीच्या नोंदी’कडे बोट दाखवतो आणि ती नोंद प्रत्यक्ष फायलीकडे. मधल्या नोंदीत फाईल वाचण्यासाठी उघडली की लिहिण्यासाठी, वाचन कुठपर्यंत आले आहे, यांसारखी माहिती असते. माझे विद्यार्थी पहिली आणि शेवटची पायरी बरोबर सांगतात, पण मधली गाळतात. वास्तविक या पत्राचा सारा विषय त्या मधल्या पायरीवर उभा आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की अधिकाराची तपासणी फाईल उघडतानाच होते. एकदा ती उघडली की पुढच्या प्रत्येक वाचनाच्या वेळी फायलीवरच्या परवानग्या पुन्हा पाहिल्या जात नाहीत. नंतर त्या काढून घेतल्या तरी ज्याच्याजवळ डिस्क्रिप्टर आहे त्याचे वाचन अडत नाही, एवढेच नव्हे तर फाईल पुसून टाकली तरी तिचे केवळ नाव जाते आणि शेवटचा डिस्क्रिप्टर बंद होईपर्यंत मजकूर डिस्कवर तसाच राहतो. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो: डिस्क भरली म्हणून कोणी तरी भलीमोठी लॉग फाईल पुसतो, डिरेक्टरीत ती दिसेनाशी होते, पण जागा मात्र एक बाइटही मोकळी होत नाही, कारण ती फाईल लिहिणारी सेवा अजून तिचा डिस्क्रिप्टर धरून बसलेली असते. याचाच अर्थ युनिक्समध्ये उघडा डिस्क्रिप्टर हा स्वयंपूर्ण अधिकार आहे. तो जवळ असलेल्याला फायलीचे नाव ठाऊक असण्याची गरज नाही आणि ती फाईल स्वतः उघडण्याची परवानगी असण्याचीही गरज नाही.

हा अधिकार एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची जुनी वाट वारशाची आहे. एखादी प्रोसेस फोर्क करून आपले अपत्य निर्माण करते तेव्हा तिचे सारे उघडे डिस्क्रिप्टर त्या अपत्याला मिळतात आणि दोघांचे आकडे त्याच एका मधल्या नोंदीकडे जातात. घरात पोथीचे पारायण दोघे आळीपाळीने करतात तेव्हा पोथी एक असते आणि खूणही एकच असते, एकाने वाचून खूण पुढे सरकवली की दुसरा तिथून पुढे वाचतो. फोर्कनंतर आई-मुलांचे वाचन असेच एका खुणेने चालते. शेलमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आपण कमांडचा निकाल बाणाच्या चिन्हाने फायलीत वळवतो, तेव्हाही ती फाईल शेल उघडतो आणि कमांड फक्त १ क्रमांकाच्या डिस्क्रिप्टरवर लिहीत राहते, ते लिखाण कुठे जात आहे याचा तिला पत्ताही नसतो. लिनक्स नव्याने शिकणारे बहुतेक जण एका ठिकाणी अडखळतात. कमांडच्या आधी सुडो (ती कमांड वाढीव अधिकाराने चालवणारा शब्द) लिहून निकाल रूटच्या, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, मालकीच्या फायलीत वळवला तरी परवानगी नसल्याचा संदेश येतो. कारण सुडोने अधिकार वाढवला तो कमांडचा, आणि फाईल उघडायला गेला तो आपला साधा शेल. हे एकदा नीट उमगले की ‘कोण वापरतो’ आणि ‘कोण उघडतो’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे कायमचे लक्षात राहते.

मात्र वारसा वरून खालीच येतो. आधीपासून स्वतंत्रपणे चालू असलेल्या, एकमेकांशी नाते नसलेल्या दोन प्रोग्रॅमांचे काय? संदेशात ‘५’ असा आकडा लिहून पाठवण्याचा काहीच उपयोग नाही, ते वर पाहिलेच. यावर बर्कली येथे तयार झालेल्या ४.२बीएसडी या १९८३ च्या प्रणालीत उत्तर आले. त्या प्रणालीत एकाच यंत्रावरच्या प्रोग्रॅमांना आपसांत बोलण्यासाठी युनिक्स डोमेन सॉकेट होते आणि त्यावरून सेंडएमएसजी या कॉलने, म्हणजे कर्नलकडे करायच्या मागणीने, मजकुरासोबत डिस्क्रिप्टरही पाठवता येऊ लागले. बीएसडीच्या १९९० च्या रेनो आवृत्तीत त्याची रचना बदलून मजकुराबरोबर जाणारा वेगळा ‘नियंत्रण संदेश’ आला आणि एससीएम-राइट्स या नावाने तीच पद्धत आज सर्वत्र रूढ आहे. नावातल्या ‘राइट्स’ या शब्दाकडे मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते. ज्यांनी हे नाव ठेवले त्यांना आपण आकडे नव्हे तर अधिकार पाठवत आहोत याची स्वच्छ जाणीव होती.

पाठवणारा आपल्या तक्त्यातला आकडा नियंत्रण संदेशात लिहितो. कर्नल तो आकडा तसाच पुढे ढकलत नाही, तर त्यामागची उघड्या फायलीची नोंद शोधून तिच्या वापरकर्त्यांची गणती एकाने वाढवते आणि घेणाऱ्याने संदेश उचलला की त्याच्या तक्त्यात सर्वांत लहान मोकळी जागा पाहून तिथे त्या नोंदीकडे जाणारा नवा आकडा लिहिते. पाठवणाऱ्याकडे जो ५ होता तो घेणाऱ्याकडे ९ होऊ शकतो, नोंद मात्र तीच. संदेश वाटेत असताना पाठवणाऱ्याने आपला डिस्क्रिप्टर बंद केला तरी फाईल उघडीच राहते. लिनक्सवर एका संदेशात जास्तीत जास्त २५३ डिस्क्रिप्टर जातात, सलग प्रवाहाच्या सॉकेटवर त्यांच्यासोबत निदान एक बाइट तरी खरा मजकूर पाठवावा लागतो आणि घेणाऱ्याने पुरेशी जागा राखून ठेवली नसेल तर जास्तीचे डिस्क्रिप्टर बंद केले जातात. हे सारे एकाच कर्नलच्या छताखाली घडते, हेही सांगायला हवे. नोंद त्याच्याच स्मृतीत असल्यामुळे नेटवर्कपलीकडच्या दुसऱ्या यंत्राला डिस्क्रिप्टर देता येत नाही.

आता याचा उपयोग पाहावा. दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे काम करण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएचमध्ये नील्स प्रोव्होस यांच्या कामातून २००२ च्या सुमारास अधिकारांची विभागणी आली. जो भाग बाहेरून आलेला, अविश्वासार्ह मजकूर वाचतो त्याच्या हाती जवळजवळ कोणताच अधिकार ठेवायचा नाही, आणि ज्याच्या हाती अधिकार आहे तो देखरेख करणारा भाग लहान आणि तपासायला सोपा ठेवायचा, अशी ती योजना आहे. वापरणाऱ्याला टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करण्याची जागा, हवे असते तेव्हा अधिकार असलेला भाग ते उघडतो आणि त्याचे डिस्क्रिप्टर सॉकेटवरून दुसऱ्या भागाला देतो. त्या दुसऱ्या भागावर उद्या कोणी कब्जा मिळवला तरी त्याच्या हाती ते एक टर्मिनल लागते, टर्मिनले उघडण्याचा अधिकार लागत नाही. डिस्क्रिप्टर देण्याची सोय नसती तर त्या भागाला अधिक अधिकार देण्याखेरीज पर्याय उरला नसता. माझ्या मते सुरक्षित प्रणाली घडवू पाहणाऱ्या प्रत्येकाने एवढे एक उदाहरण तरी मुळातून वाचावे.

आपल्या लेखाचा विषय असलेल्या फोनमध्येही हेच घडते. अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता क्रमांक असतो, त्यामुळे एका ॲपच्या खासगी फायली दुसऱ्याला उघडता येत नाहीत. आपण एखाद्या ॲपमध्ये एकच छायाचित्र निवडून देतो तेव्हा त्या ॲपला त्या छायाचित्रापुरता एक तात्पुरता पत्ता मिळतो. तो पत्ता दाखवून त्याने मागणी केली की ज्याच्याकडे छायाचित्र आहे तो घटक ते स्वतः उघडतो, बहुधा फक्त वाचण्यापुरते, आणि त्याचा डिस्क्रिप्टर मागणाऱ्याच्या हाती देतो. इथे सॉकेटऐवजी बाइंडर नावाची अँड्रॉइडची स्वतःची देवाणघेवाणीची यंत्रणा असते, पण कर्नलमध्ये एका तक्त्यातला आकडा दुसऱ्या तक्त्यात नव्याने लिहिण्याचे काम तेच. २०२२ च्या अँड्रॉइड १३ मध्ये आलेला छायाचित्र निवडण्याचा पडदा याच पायावर उभा आहे. त्यामुळे ‘एक फोटो द्यायचा तर सगळ्या गॅलरीची परवानगी द्यावी लागते’ हे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या खरे नाही. एखादे ॲप सगळ्या गॅलरीची मागणी करत असेल तर ती त्याच्या निर्मात्यांची निवड आहे, प्रणालीची अडचण नाही. वाचकांना हे कळणे मला अतिशय गरजेचे वाटते, कारण त्यामुळे नकार देताना आपण काही अशक्य मागत नाही हे त्यांना समजेल.

केवळ सुरक्षाच नव्हे, वेगासाठीही हा मार्ग लागतो. लिनक्सच्या डेस्कटॉपवर वेलँड ही पडदा सांभाळणारी व्यवस्था आहे. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले तर एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट लागतात आणि सेकंदाला ६० चित्रे म्हटली की हा आकडा जवळपास ५० कोटी बाइटांवर जातो. इतका मजकूर सॉकेटमधून सतत ओतण्यापेक्षा प्रोग्रॅम स्मृतीचा एक तुकडा तयार करून त्याचा डिस्क्रिप्टर देतो आणि दोघे तीच स्मृती पाहतात. इथे एक धोका होता. देणाऱ्याने तो तुकडा मध्येच आखूड केला तर घेणारा नसलेल्या जागी वाचायला जाऊन कोसळू शकतो. म्हणून २०१४ मध्ये लिनक्सच्या ३.१७ आवृत्तीत मेमएफडी या प्रकारचा स्मृतीचा तुकडा आला, ज्यावर ‘यापुढे हा तुकडा आखूड होणार नाही’ अशी न काढता येणारी मोहोर लावता येते आणि घेणाऱ्याला ती वापरण्यापूर्वी तपासता येते. दोन परक्या प्रोग्रॅमांमधला व्यवहार विश्वासावर न सोडता नियमावर आणण्याचा हा प्रयत्न मला फार मोलाचा वाटतो. सर्व्हरच्या क्षेत्रात येणाऱ्या जोडण्या सर्व्हरांत वाटून देणाऱ्या एचएप्रॉक्सी या प्रोग्रॅमने २०१७ च्या १.८ आवृत्तीपासून नव्या प्रोसेसला जुन्याकडून ऐकणारी, म्हणजे नव्या जोडणीची वाट पाहणारी, सॉकेटे अशीच सुपूर्द करण्याची सोय केली, त्यामुळे मांडणी बदलताना येणारी जोडणी नाकारावी लागत नाही.

हा मार्ग निर्धोक आहे असा माझा दावा नाही. उलट त्याचे धोके ठाऊक नसतील तर तो वापरूच नये. सर्वांत मोठा धोका नकळत मिळालेल्या वारशाचा. मी पूर्वी काम करत असलेल्या एका ठिकाणी एका रात्री मुख्य सेवा बंद पडली आणि पुन्हा सुरू करताना ‘हा पत्ता वापरात आहे’ असे उत्तर येत राहिले. अधिक त्रासदायक गोष्ट अशी की बाहेरून जोडणी स्वीकारल्यासारखी दिसे, पण पलीकडे उत्तर द्यायला कोणी नव्हते. दीड तासाच्या शोधानंतर कळले की त्या सेवेने बॅकअपसाठी सुरू केलेली एक साधी स्क्रिप्ट अजून चालू होती आणि तिला ऐकणाऱ्या सॉकेटचा डिस्क्रिप्टर वारशाने मिळाला होता. स्क्रिप्टला त्याची गंधवार्ता नव्हती, पण कर्नलच्या दृष्टीने ते सॉकेट जिवंत होते आणि ग्राहकांच्या जोडण्या त्याच्या रांगेत निमूट उभ्या राहत होत्या. ती रात्र मी विसरले नाही, आणि वर्गात हा भाग शिकवताना आजही ती आधी सांगते.

यावरचा उपाय म्हणजे नवा प्रोग्रॅम सुरू होताना डिस्क्रिप्टर आपोआप बंद व्हावा अशी खूण त्यावर लावणे. पूर्वी आधी फाईल उघडायची आणि मग वेगळ्या कॉलने ती खूण लावायची असे दोन टप्पे होते. अनेक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, असलेल्या प्रोग्रॅममध्ये त्या दोन टप्प्यांच्या मधल्या क्षणी दुसऱ्या थ्रेडने फोर्क केला तर डिस्क्रिप्टर निसटत असे. २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२३ आवृत्तीत उघडतानाच खूण लावण्याची सोय झाली. सॉकेटवरून डिस्क्रिप्टर स्वीकारतानाही अशी खूण मागता येते आणि ती मागितलीच पाहिजे. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेने तर २०१४ च्या ३.४ आवृत्तीत मूळ रीतच उलटी केली, आता तिथे डिस्क्रिप्टर मुद्दाम सांगितल्याशिवाय वारशाने जात नाही. जुन्या प्रोग्रॅमांना झळ बसणार हे दिसत असूनही घेतलेला तो निर्णय योग्यच होता, असे मी मानते.

निष्काळजीपणाची किंमत किती मोठी असू शकते ते जानेवारी २०२४ मध्ये दिसले. प्रोग्रॅमला बाकीच्या यंत्रापासून वेगळ्या कप्प्यात (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या डॉकरसारख्या व्यवस्था ज्याच्या आधाराने चालतात त्या रनसी प्रोग्रॅममध्ये यजमान यंत्रावरच्या एका डिरेक्टरीचा डिस्क्रिप्टर वेळेवर बंद होत नव्हता. कंटेनरची कामाची डिरेक्टरी म्हणून त्याच आकड्याचा मार्ग लिहून ठेवला की आतला प्रोग्रॅम थेट यजमानाच्या फायलींपर्यंत पोहोचत असे. सीव्हीई-२०२४-२१६२६ या क्रमांकाने नोंदवलेली ही त्रुटी १.१.१२ आवृत्तीत दुरुस्त झाली. भिंती सगळ्या जागच्या जागी असताना एका विसरलेल्या डिस्क्रिप्टरमुळे त्या निरुपयोगी ठरल्या. डिरेक्टरीचा डिस्क्रिप्टर हा साध्या फायलीच्या डिस्क्रिप्टरपेक्षा कितीतरी मोठा अधिकार आहे, कारण तिथून पुढे खाली आणि वर चालत जाता येते, हे ध्यानात ठेवूनच तो कोणाला द्यावा.

दुसरी अडचण अशी की दिलेला डिस्क्रिप्टर परत मागता येत नाही. सॉकेट किंवा टर्मिनलचे अपवाद सोडले तर साध्या फायलीच्या बाबतीत एकदा दिले ते दिले. म्हणून देण्यापूर्वीच त्याची व्याप्ती कमी करावी लागते. लिहायचे काम नसेल तर फक्त वाचण्यासाठी उघडावे, अख्खी डिरेक्टरी न देता हवी ती एकच फाईल द्यावी. केंब्रिज विद्यापीठातील रॉबर्ट वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलेली आणि २०१२ च्या फ्रीबीएसडी ९.० मध्ये आलेली कॅप्सिकम ही योजना याच दिशेने पुढे जाते. तिच्यात एकेका डिस्क्रिप्टरवर कोणत्या क्रिया करता येतील हे आधी आवळून ठेवता येते आणि आवळलेले पुन्हा सैल करता येत नाही. लिनक्सवर डिस्क्रिप्टरपुरती इतकी बारीक सोय अद्याप त्याच रूपात नाही, याची खंत वाटते. २०२० च्या ५.६ आवृत्तीत मात्र एक वेगळीच सोय आली: दुसऱ्या चालू प्रोसेसचा डिस्क्रिप्टर, तिने न देता, उचलून घेण्याची. त्यासाठी डीबगरला, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या साधनाला, लागतो तेवढा अधिकार लागतो, म्हणजे तो कोणालाही सहज मिळत नाही, आणि देखरेख करणाऱ्या प्रोग्रॅमांना तिचा उपयोगही आहे. तरीही देणाऱ्याने जाणूनबुजून देणे आणि वरिष्ठाने काढून घेणे यांत मूलभूत फरक आहे आणि शिकवताना या दोन गोष्टी एका नावाखाली घालू नयेत.

शिकवण्याचा विषय निघालाच आहे तर माझे खरे दुःख इथे आहे. आमच्या प्रयोगशाळेतल्या ठरलेल्या प्रयोगांत पाइप असतो, सामायिक स्मृती असते, संदेशांच्या रांगा असतात, सेमाफोर असतात, पण एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला उघडी फाईल देण्याचा प्रयोग नव्हता. डिस्क्रिप्टर म्हणजे काय असे परीक्षेत विचारले की ‘एक पूर्णांक’ एवढे उत्तर येते आणि त्याला पूर्ण गुणही मिळतात. गेली तीन वर्षे मी स्वतःहून एक प्रयोग जोडला आहे. पायथनच्या २०२० च्या ३.९ आवृत्तीपासून डिस्क्रिप्टर पाठवणारी आणि घेणारी तयार फंक्शने असल्याने दोन्ही बाजू मिळून वीस-पंचवीस ओळी पुरतात. एकाच यंत्रावर दोन वेगळे वापरकर्ते करायचे, पहिल्याने अशी फाईल उघडायची जी दुसऱ्याला उघडता येत नाही, आणि दोघांना पोहोचता येईल अशा जागच्या सॉकेटवरून तिचा डिस्क्रिप्टर दुसऱ्याला द्यायचा. दुसरा ती वाचतो. मग सगळ्या परवानग्या काढून टाकायच्या. दुसरा तरीही वाचतो. मग फाईल पुसायची. तरीही वाचतो. या तिसऱ्या टप्प्याला वर्गात जी शांतता पसरते ती मी इतर कोणत्याही प्रयोगात अनुभवलेली नाही.

दर वर्षी दोन-तीन गटांत दुसऱ्या प्रोग्रॅमला रिकामा मजकूर मिळतो आणि विद्यार्थी प्रयोग फसला असे समजून माझ्याकडे येतात. पाहिले तर पहिल्या प्रोग्रॅमने पाठवण्यापूर्वी ‘फाईल बरोबर आहे ना’ म्हणून ती स्वतः वाचून पाहिलेली असते आणि वाचनाची खूण शेवटी जाऊन पोहोचलेली असते. प्रयोग फसलेला नसतो. मधली नोंद दोघांत खरोखरच एक आहे याचा तो पुरावा असतो आणि खूण मागे आणली की मजकूर मिळतो. पारायणाचे उदाहरण मला एका विद्यार्थिनीनेच अशा वेळी सुचवले. जे विद्यार्थी हा प्रयोग करतात ते पुढे कोणत्याही प्रणालीत ‘याला नेमका किती अधिकार दिला आहे’ असा प्रश्न विचारतात, हे मी त्यांच्या प्रकल्पांत पाहिले आहे. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांवर असलेल्या माझ्या सहकाऱ्यांनी ठरलेल्या प्रयोगांच्या यादीत याचा समावेश करावा, अशी त्यांना आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून विनंती करते. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवा खर्च नाही, प्रयोगशाळेत आज जे लिनक्स चालू आहे त्यावर दोन तासांत हा प्रयोग पुरा होतो.

आपल्याकडे एवढेच मागणे आहे की, एका ॲपला दुसऱ्याकडची एकच फाईल देण्यासाठी प्रत काढण्याची किंवा साऱ्या साठ्याची परवानगी देण्याची गरज नसते, फाईल ज्याच्याकडे आहे त्याने ती उघडून तिचा डिस्क्रिप्टर देता येतो आणि अँड्रॉइडमध्ये ही सोय उपलब्ध आहे, एवढी दुरुस्ती येत्या रविवारच्या पुरवणीत त्याच पानावर छापावी.

आपली विश्वासू,
ऑपरेटिंग सिस्टिम विषयाची एक प्राध्यापिका,
सांगली